एबीएस-ईएससीचे कोड वाचणारा हातातला स्कॅनर : दोन पावसाळे वापरल्यावर

आधी स्वतःबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मी एसटीत ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. नोकरी २८ वर्षं, त्यातली शेवटची बरीचशी चिपळूण आगारात. सेल्फ, अल्टरनेटर, वायपर, हॉर्न, पावसाळ्यात पाणी शिरलेले हेडलाईट, हे माझं जग. गाडीखाली आडवं पडायचं, टेस्टलॅम्पची वायर दातात धरायची आणि करंट कुठे मेलाय ते शोधायचं. कॉम्प्युटर नावाच्या वस्तूशी संबंध आला तो निवृत्तीच्या वेळी फंडाचे कागद भरताना, आणि तेही आगारातल्या पोरानेच भरले. तेव्हा हा काही तज्ज्ञाचा अभिप्राय नाही. पण वायर कशाला म्हणतात ते मला कळतं.

वस्तू कोणती, तर मोबाईलपेक्षा जाड, हातात मावणारा स्कॅनर. हातभर केबल, तिच्या टोकाला १६ पिनांचा प्लग, रंगीत पडदा, सहा बटणं. इंजिन, एबीएस-ईएससी, एअरबॅग आणि गिअरबॉक्स या चारांचे कोड वाचतो. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, ईएससी म्हणजे गाडी घसरायला लागली तर सावरणारी, आणि कोड म्हणजे बिघाड झाल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवून ठेवलेला क्रमांक. मला ११,२०० रुपयांना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यात अर्थ नाही. हीच डबी, हीच बटणं, वर वेगळं स्टिकर आणि हजार-दोन हजार कमीजास्त, अशी मी स्वतः चार नावांनी विकायला बघितली. नावाच्या मागे लागू नका, डब्यावर 'एबीएस' लिहिलंय का ते बघा. का, ते पुढे येतंच.

झालं असं. निवृत्तीनंतर पुण्याच्या मेहुण्याकडून त्याची वापरलेली हॅचबॅक घेतली. गाडी चांगली. पण पुढच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला, म्हणजे बेअरिंग. एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे टाकली, त्याने बेअरिंग प्रेस करून बसवलं, आवाज गेला. दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला लग्नाला निघालो. घराच्या गल्लीतून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत ठीक, आणि मग मीटरमध्ये एकदम दिवाळी. एबीएसचा पिवळा दिवा, ईएससीचा म्हणजे घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा, चढावर गाडी धरून ठेवणाऱ्या हिल-होल्डचा पिवळा दिवा. आमची ही म्हणाली, "अहो, परत फिरा." बाहेर जुलैचा पाऊस आणि पुढे कुंभार्ली घाट. मी दाबून बघितलं तर ब्रेक लागत होता, लाल दिवा नव्हता. तरी परत फिरलो. घाटात पोफळीच्या वर ज्यांनी धुक्यात उतार उतरवलाय त्यांना कळेल.

कंपनीच्या वर्कशॉपात नेली. तिथल्या मुलाने लॅपटॉप लावला, पाच मिनिटांनी कागद आणून दिला : "काका, एबीएस मॉड्यूल गेलंय." मॉड्यूल म्हणजे ब्रेकचा कॉम्प्युटर. आकडा ४६,००० च्या वर, मजुरी वेगळी. मी विचारलं, कोड काय आला? तो म्हणाला, ते तुम्हाला कळणार नाही. या एका वाक्यासाठी मी त्याचा आजन्म ऋणी आहे, कारण ते ऐकलं नसतं तर मी हा स्कॅनर कधीच घेतला नसता.

पण मधे एक फजिती झाली, तीही सांगतो. पुतण्या म्हणाला, "काका, अकरा हजार कशाला घालवता? नऊशे रुपयांत ब्लूटूथचा डोंगल मिळतो, मोबाईलला जोडायचा." मागवला. आगपेटीएवढा निळा तुकडा. गाडीला लावला, मोबाईलवर छान काटे फिरायला लागले, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, सगळं. आणि कोड विचारले तर हिरव्या अक्षरांत उत्तर : कोणताही दोष आढळला नाही. समोर मीटरमध्ये तीन दिवे ढणाढणा पेटलेले!

डोंगल खोटं बोलत नव्हता. त्याने फक्त एकाच खोलीचं दार ठोठावलं होतं. २०१३ नंतरच्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना स्टीअरिंगखाली जे १६ पिनांचं सॉकेट असतं, ते मुळात प्रदूषणाच्या नियमांसाठी आलेलं. त्या नियमांपुरती इंजिनाची भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी ठेवावी लागते. ब्रेकच्या मॉड्यूलवर तशी सक्ती नाही. त्याचा पत्ता वेगळा, विचारायची पद्धत वेगळी, आणि ती दर कंपनीची आपापली. स्वस्त डोंगल आणि त्याच्याबरोबरचं फुकटचं अ‍ॅप इंजिनाला विचारून परत येतं. काही ठरावीक गाड्यांसाठी पैसे भरून घ्यायची अ‍ॅप आहेत, ती चांगल्या डोंगलवरून ब्रेकपर्यंत पोचतात, पण माझ्या गाडीला त्यातलं एकही चाललं नाही. तो डोंगल आता नातवाकडे आहे. गाडी चालू असताना मागच्या सीटवर बसून तो फेरे मोजतो. नऊशे रुपयांत खेळणं म्हणून वाईट नाही.

मग स्कॅनर आला. केबल लावली, चावी दोन टप्पे फिरवली, यादीत गाडी शोधली (हे प्रकरण वेगळंच आहे, त्यावर नंतर बोलतो), 'एबीएस' निवडलं आणि कोड आला : सी-००३१, आणि पुढे एक आडवी रेघ मारून ३१.

वर्कशॉपातला तो मुलगा म्हणाला होता तुम्हाला कळणार नाही, म्हणून मी दोन रात्री बसून कळवून घेतलं. पहिलं अक्षर घर सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी, यात ब्रेक-स्टीअरिंग-सस्पेन्शन आले, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे मॉड्यूलांची आपसातली बोलाचाली. चॅसीच्या कोडात त्यानंतरचा आकडा शून्य असेल तर अर्थ सगळीकडे सारखा ठरवलेला, एक किंवा दोन असेल तर कंपनीचा स्वतःचा. सी-००३१ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. पुढचा उजवा ००३४, मागचा डावा ००३७, मागचा उजवा ००३ए. आणि रेघेनंतरचे दोन आकडे हे खरं मर्म : काय प्रकारचा बिघाड ते. ११ म्हणजे वायर अर्थला चिकटलीय, १२ म्हणजे बॅटरीच्या प्लसला, १३ म्हणजे वायर तुटलीय, ३१ म्हणजे सिग्नलच नाही, ५४ म्हणजे कॅलिब्रेशन झालेलं नाही, ६४ म्हणजे सिग्नल येतोय पण पटत नाही. पुढे ००३१ आणि मागे पुन्हा ३१ हा निव्वळ योगायोग. मी आधी अर्धा तास तो छपाईचा दोष समजत होतो.

आता बघा, हा कोड मॉड्यूल गेलंय असं कुठे म्हणतोय? सेन्सर गेलाय असंही तो म्हणत नाही. तो म्हणतो, पुढच्या डाव्या चाकाकडून मला काही ऐकू येत नाही. बास.

एका चाकाचं ऐकू आलं नाही तर तीन दिवे का, असं शेजारचे गुरुजी विचारत होते. त्यांना मी बैलगाडीवरून सांगितलं. गाडीवान डाव्या बैलाला आवरतो तेव्हा गाडी डावीकडे वळते, कासरा दोन्ही बैलांना वेगवेगळा असतो म्हणून ते जमतं. ईएससी तेच करतं. स्टीअरिंगचा सेन्सर सांगतो ड्रायव्हरला कुठे जायचंय. गाडीच्या मध्यावर बसवलेला यॉ सेन्सर सांगतो गाडी खरोखर किती फिरतेय. दोन्ही जुळले नाहीत की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं आणि इंजिनाची ताकद कमी करतं. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर वळणाबाहेरच्या पुढच्या चाकाला, आणि गाडी वळायलाच तयार नसेल तर आतल्या मागच्या चाकाला. आता चारांतल्या एका चाकाचा वेगच माहीत नसेल तर कुठला कासरा किती ओढायचा? म्हणून ते हात वर करून बसतं. एबीएस त्याच मॉड्यूलमध्ये, हिल-होल्डही तिथेच, त्यामुळे सगळे एकदम संपावर. साधा ब्रेक चालू राहतो, पण जोरात दाबला तर चाकं पूर्वीच्या गाड्यांसारखी जाम होऊ शकतात. पिवळ्यांच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र मागच्या-पुढच्या ब्रेकची वाटणीही गेलेली असू शकते, तेव्हा गाडी बाजूला लावलेली बरी.

हे तंत्र काही नवं नाही. बॉश कंपनीने बनवलेलं ईएसपी, म्हणजे ईएससीचंच दुसरं नाव, पहिल्यांदा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आलं. १९९७ साली स्वीडनमधल्या एका मासिकाने मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास चाचणीत झटकन डावी-उजवी वळवली आणि ती उलटली. त्यानंतर त्या छोट्या गाडीतही ते सरसकट बसवलं गेलं. आपल्याकडे भारत एनकॅपची, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी, चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतंच. म्हणजे हे पिवळे दिवे आता लहान गाड्यांतही दिसणार.

असो, चाकाकडे येतो. या स्कॅनरमधली खरी कामाची गोष्ट कोड नाही, लाईव्ह डेटा आहे, म्हणजे सेन्सर त्या क्षणी काय सांगतायत ते आकडे. पुतण्याला गाडी चालवायला बसवलं, मी बाजूला स्कॅनर घेऊन. पडद्यावर चार चाकांचे चार वेग. गाडी हलली : पुढचं उजवं ९, मागची दोन्ही ९, पुढचं डावं ०. मग १८, १८, १८ आणि ०. दिवा पेटला तोही तेव्हाच. हा मोठा पुरावा आहे. वायर तुटली असती तर मॉड्यूलला ते चावी फिरवल्याबरोबर कळलं असतं, कारण ते उभ्या गाडीतही वायर तपासतं. चाक फिरल्यावर दिवा लागतो याचा अर्थ वायर जिवंत आहे, फक्त चाकाचे ठोके येत नाहीत.

तरी खात्री केली. सेन्सरचा कनेक्टर काढून मीटर लावला, ११.८ व्होल्ट. सप्लाय येतोय. इथे माझ्यासारख्या जुन्या लोकांना एक सांगतो : या वायरीला टेस्टलॅम्प लावू नका. माझा हात सवयीने गेला होता. हे नवे सेन्सर दोन वायरींतून ७ मिलिअँपिअर आणि १४ मिलिअँपिअर असा करंट वरखाली करून बोलतात. आपला दिव्याचा टेस्टलॅम्प त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो, मॉड्यूलचं नुकसान होऊ शकतं. ओहम मोजूनही काही समजत नाही. तो प्रकार जुन्या, गुंडाळी असलेल्या सेन्सरांचा, ज्यांच्यासमोर लोखंडी दात्यांची चकती फिरायची.

नव्या गाड्यांत दात्यांची चकती बहुधा नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवरच चुंबकाची पट्टी असते, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे ध्रुव ओळीने बसवलेली. दिसायला साधं काळं रबर. बेअरिंगच्या दोन्ही बाजू वरवर सारख्याच दिसतात. आणि इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बेअरिंग कोणी बसवलं? कधी? दिवा कधी लागला?

सेन्सर एका १० नंबरच्या बोल्टवर असतो. तो काढला (गंजाने धरला होता, डब्ल्यूडी हा गंज सोडवणारा फवारा मारून अर्धा तास ठेवावा लागला), आणि त्या भोकातून हिच्या शिवणाच्या डब्यातली सुई दोऱ्याला बांधून आत सोडली. आधी उजव्या, चांगल्या चाकाला. सुई आत जाताच टक् करून चिकटली. मग डाव्या चाकाला. सुई लोंबकळत राहिली. हलवली, खाली सोडली, काही नाही. चुंबकाची बाजू आत सेन्सरकडे यायच्या ऐवजी बाहेरच्या अंगाला गेली होती. बेअरिंग उलटं प्रेस केलेलं. मॉड्यूल ठणठणीत, सेन्सर ठणठणीत.

गॅरेजवाला भला माणूस. सुईचा प्रयोग त्याला करून दाखवला तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता खाली बसला आणि जॅक लावायला लागला. प्रेस केलेलं बेअरिंग काढताना खराब होतं, त्यामुळे नवं आणावं लागलं. २,१०० रुपये मी दिले, मजुरी त्याने घेतली नाही. कोड पुसला. दिवे लगेच गेले नाहीत, गुहागर बायपासपर्यंत चक्कर मारल्यावर गेले. बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल चारी चाकांचा वेग स्वतः बघितल्याशिवाय दिवा विझवत नाही. त्यामुळे कोड पुसूनही दिवा दिसला तर घाबरून परत पुसत बसू नका.

४६,००० आणि २,१००. स्कॅनरचे पैसे त्याच दिवशी वसूल झाले. पण पुढच्या दीड वर्षात या यंत्राने मला चकवलंही, ते लिहिलं नाही तर अभिप्राय अर्धवट राहील.

पहिला चकवा बॅटरीचा. पुण्याला मुलीकडे तीन आठवडे राहून आलो, गाडी दारात उभी. सेल्फ मारला, कशीबशी चालू झाली, आणि परत दिवाळी. स्कॅन केलं तर सात कोड! यू-०१००, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. यू-०१२६, स्टीअरिंग सेन्सरशी संपर्क तुटला. यॉ सेन्सरचा एक. व्होल्टेज कमी असल्याचा एक. बाकीचे असेच. यादी वाचून छातीत धस्स झालं. एखाद्याला ही यादी दाखवून लाख रुपयांचं काम काढता आलं असतं. आणि स्कॅनरने ती यादी अशी दाखवली की व्होल्टेजचा कोड सगळ्यात शेवटी, दुसऱ्या पानावर. खरं तर तोच मूळ पुरुष, बाकी सगळी त्याची पिलावळ. सेल्फ मारताना बॅटरी साडेआठ व्होल्टवर बसत होती. चांगली बॅटरी तेव्हाही साडेनऊच्या वर राहते. व्होल्टेज पडलं की एकेक मॉड्यूल झोपतं, आणि शेजारचं मॉड्यूल नोंद करतं की अमुक बोलत नाही. बॅटरी बदलली, सातही कोड पुसले, एकही परत आला नाही. एसटीत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आधी बॅटरी बघ, मग बाकीचं. अकरा हजारांचं यंत्र हातात आलं की माणूस ते विसरतो.

उंदराचं थोडक्यात. गणपतीच्या आधी मागच्या डाव्या चाकाचा कोड, शेवटी १३. चावी फिरवताच दिवा. वायर तुटली असं यंत्र म्हणालं आणि ती तुटलेलीच होती, मडगार्डच्या आत दातांच्या खुणांसकट. सोल्डर करून, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून वीस मिनिटांत काम. पीळ तसाच ठेवला, दोन वायरींना असलेला पीळ सोडवायचा नाही. कोकणात राहणाऱ्याने हा कोड पाठ करून ठेवावा.

तिसरं स्टीअरिंगचं. व्हील अलाइनमेंट करून आणली, आणि सरळ हायवेला चार-पाच मिनिटांनी ईएससीचा दिवा. वळणावर लागला असता तर समजलो असतो, हा सरळ रस्त्यावर लागायचा. लाईव्ह डेटा उघडला. गाडी सरळ धावतेय आणि स्टीअरिंगचा कोन ८ अंश डावीकडे दाखवतोय. म्हणजे स्टीअरिंग म्हणतंय मालकाला वळायचंय, यॉ सेन्सर म्हणतोय गाडी तर सरळ चाललीय. बिचाऱ्या मॉड्यूलने कोणावर विश्वास ठेवायचा? अलाइनमेंटवाल्याने चाकं सरळ केली होती, स्टीअरिंग मात्र वाकडंच राहिलं होतं. ते त्याच्याकडून आधी नीट करून घेतलं, मग स्कॅनरमधलं 'स्टीअरिंग कोन रीसेट' वापरलं. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इग्निशन चालू, स्टीअरिंगला हात नाही. कोकणात सपाट जागा शोधणं हे खरं कठीण काम, शेवटी पवन तलावाच्या मैदानाकडे नेली. तिसऱ्या प्रयत्नात झालं. पहिल्या दोनदा यंत्र 'अयशस्वी' एवढंच म्हणालं, कारण काही सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी मी नुसता दरवाजा बंद केला होता. तेच कारण होतं का देव जाणे.

आता यंत्राला शिव्या. गाड्यांची यादी भयंकर आहे. डब्यावर 'सर्व गाड्या' लिहिलंय, आणि माझं भारतातलं मॉडेल त्यात त्या नावाने नाहीच. परदेशात तीच गाडी दुसऱ्या नावाने विकतात, ते नाव शोधून, वर्ष एक मागे घेऊन मग ब्रेकशी बोलणं जमलं. हे पुतण्याने शोधलं, मला जन्मात सापडलं नसतं. दुकानदाराला घेण्याआधी तुमच्याच गाडीला लावून एबीएसचं पान उघडून दाखवायला सांगा, तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान. उन्हात पडदा दिसत नाही, छत्री धरून वाचावा लागतो. भाषांत मराठी नाही, हिंदीही नाही, आणि जे इंग्रजी आहे ते वाचून पुतण्या हसत सुटतो. अपडेट करायला कार्ड काढून कॉम्प्युटरला लावावं लागतं. ते मी एकदा केलं, पुन्हा करणार नाही. केबल प्लगपाशी सैल झाली होती, काळी टेप गुंडाळलीय.

आणि एक गंभीर. कोडचा अर्थ यंत्र स्वतः सांगतं, तो आंधळेपणाने मानू नका. कंपनीचे स्वतःचे कोड असतात तिथे घोटाळा होतो. सी-१२०१ हा एकच आकडा घ्या. ह्युंदाई-कियामध्ये तो पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा आहे. टोयोटात त्याच आकड्याचा अर्थ इंजिनात काहीतरी दोष आहे म्हणून मी स्टॅबिलिटी कंट्रोल (म्हणजे ईएससीच) बंद ठेवलंय असा. तिथे ब्रेक उघडून बसलात तर आयुष्य जाईल, इंजिनाचा पी कोड वाचायला हवा. चुकीची कंपनी निवडून कोड वाचलात किंवा 'सर्वसाधारण' या पर्यायात अर्थ बघितलात, तर असला गोंधळ हमखास.

एबीएसची हवा काढायचा, म्हणजे पंप चालवून ब्रेक ऑइल फिरवायचा पर्यायही यात आहे. तो मी वापरलेला नाही आणि ज्याला ब्रेकचं काम येत नाही त्याने त्या पानावर जाऊच नये.

घ्यावा का? एकच गाडी, तीही वॉरंटीतली असेल तर नको. गाडी जुनी असेल, घरात दोन-तीन असतील, किंवा माझ्यासारखा रिकामा म्हातारा असेल तर घ्या. मी पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा गुण लाईव्ह डेटामुळे वाढवलाय, नाहीतर तीनच होते.

आता गल्लीतले सगळे माझ्याकडे येतात. एक जण चेहरा पाडून आला, घसरणाऱ्या गाडीचा दिवा लागलाय म्हणून. बघितलं तर त्या चित्राखाली 'ऑफ' लिहिलेलं. कोड शून्य. त्याच्या मुलाने डॅशबोर्डवरचं बटण दाबून ठेवलं होतं. दुसऱ्याचा ब्रेकलाईटचा स्विच अडकला होता, पेडल सोडलं तरी मागचे लाल दिवे चालूच, आणि ईएससी म्हणतंय ब्रेक खरंच दाबलाय की नाही ते मला कळत नाही. त्याला मी स्कॅनर लावायच्या आधी गाडीच्या मागे उभा केला.

काल रात्री गुरुजींचा फोन आला. "अहो, माझ्या मीटरमध्ये पण तीन दिवे लागलेत हो, सकाळी येऊ का?" म्हटलं या, पण येताना बॅटरीची पावती घेऊन या, कधीची आहे ती बघू आधी.